लाल गाळाची गाडी

मित्रांनो, मला जुनी म्हणा, डबडं म्हणा, अगदी भंगार म्हणालात तरी मी मनाला लावून घेणार नाही. पण खोटारडी म्हणालात तर माझ्याशी गाठ आहे. मी एक चारचाकी आहे, चंदेरी रंगाची, पेट्रोलवर चालणारी. आयुष्यात मी एकदाही खोटं बोललेले नाही. एका माणसानं माझ्या तोंडून खोटं वदवून घेतलं आणि त्याचं खापर एका बाईच्या डोक्यावर फुटलं. ती हकीकत मी आज सांगणार आहे, आणि दबक्या आवाजात मुळीच सांगणार नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सगळ्या गाड्यांचा होतो तसाच झाला, त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. एक गोष्ट मात्र पक्की आठवते. बाहेर पडायच्या आधी एक माणूस माझ्यात बसला, मला भरधाव पळवलं आणि एकदम ब्रेक दाबला. मी जागच्या जागी उभी राहिले. "शाब्बास!" म्हणून त्यानं माझ्या दारावर थाप मारली. पळणं काय, कुणीही पळतं. थांब म्हटल्यावर थांबणं, ही गाडीची खरी अब्रू. ती अब्रू घेऊन मी त्या फाटकातून बाहेर पडले.

मला पहिल्यांदा घेतलं कोकणातल्या एका शिक्षिकेनं. तिचं घर खाडीच्या काठाला होतं. बाई मोठी नीटनेटकी. दर रविवारी स्वतःच्या हातानं मला धुवायची, आतली धूळ ब्रशानं झाडायची, आणि माझ्याशी गप्पासुद्धा मारायची. मग एका पावसाळ्यात खाडीचं पाणी गावात शिरलं आणि माझ्या टपावरून गेलं. मी किती तरी दिवस पाण्याखाली होते. पाणी उतरलं तेव्हा माझ्या पोटात, सीटांत, तारांत, नळ्यांत सगळीकडे लाल गाळ भरला होता. बाई माझ्याजवळ येऊन ढसाढसा रडली. विम्याच्या लोकांनी तपासलं आणि सांगितलं, ही गाडी आता रस्त्यावर आणण्यासारखी राहिली नाही. बाईला भरपाई मिळाली, आणि मी विमा कंपनीची झाले.

माझी गोष्ट तिथंच संपायला हवी होती. मला तोडायची, वितळवायची, विषय संपवायचा. त्यात माझा काही अपमान नव्हता. पण तसं व्हायचं नव्हतं. बुडालेल्या गाड्यांचा लिलाव झाला आणि मला विकत घेतलं परभणीच्या शंभुराज शेठनं.

या शेठचा परभणीत गावाबाहेरच्या रस्त्याला जुन्या गाड्यांचा बाजार आहे. माणूस दिसायला देवभोळा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची डबी, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, हा आपल्यावर उपकारच करतोय. त्यानं मला काय केलं ते ऐका. आधी ऊन आणि पंखे लावून मला वाळवलं. गाळ दिसेल तेवढाच काढला. न दिसणाऱ्या गाळावर नवा गालिचा चिकटवला, सीटांना नवी कव्हरं चढवली, आत भसाभसा अत्तर फवारलं. किलोमीटरचा आकडा मागं फिरवला. माझ्या पोटाखाली ब्रेकच्या नळ्या गंजून पापुद्रे सुटलेल्या होत्या. त्यांच्यावर काळा डांबरी रंग जाड थरानं मारला. एक नळी तर तेव्हाच थेंब थेंब गळत होती, म्हणून समोर ब्रेकचा लाल दिवा सारखा पेटायचा. शेठनं तो दिवाही पाहिला. "हे काय कटकट लावलीय?" म्हणाला आणि आतून त्याची तारच तोडायला लावली.

अरे, तो दिवा म्हणजे माझी जीभ होती! मी बोंब मारायची ती तिच्याच जोरावर. तीच छाटली आणि वर मला म्हणतात खोटारडी. सांगा आता, चीड येणार नाही तर काय होईल?

त्या बाजारात उभी असताना मी शेठची एक खोड बघून ठेवली होती. गिऱ्हाईक माझ्याभोवती फिरेपर्यंत तो गोड गोड बोलायचा. गिऱ्हाइकाचा हात बॉनेटकडे गेला रे गेला की हा पूजेचं ताट मागवायचा. हळदीकुंकवाचं गिऱ्हाईक असलं तर हळदीकुंकू, विभूतीचं असलं तर विभूती. देव ज्याचा त्याचा, पण घाई मात्र दर वेळी शेठचीच.

असंच एके दिवशी झरीहून सांबप्पा आले. झरीला त्यांचं किराणा दुकान, थोडी शेती. सोबत त्यांचा मुलगा शिवप्रकाश होता आणि सून अनुपमा. गाडी खरं तर अनुपमाला हवी होती. तिची मुलगी शिवरंजनी अकरावीला परभणीच्या कॉलेजात जायला लागली होती. गल्लीतल्या सविता आणि बबिता या दोघी तिच्याच वर्गात. सकाळची एसटी भरून यायची आणि झरीला थांबली तर थांबायची. पोरींचा पहिला तास रोज बुडायचा आणि घरोघरी एकच बोलणं चालायचं, कशाला ती रोजची धडपड, घरी बसून परीक्षा दे. अनुपमा उदगीरची लेक. तिच्या वडिलांचा टेंपो होता आणि लग्नाआधीच ती चारचाकी चालवायला शिकली होती. ती म्हणाली, "आपण गाडी घेऊ, मी तिघींना नेते-आणते." पेट्रोल तिन्ही घरांनी मिळून भरायचं ठरलं.

"शरणार्थ, सांबप्पा!" शेठ दोन्ही हात जोडून पुढं आला. "तुमी आमच्या मठातले. तुमाला का कुटली बी गाडी दाखवतो व्हय? ही बगा, बँकेतल्या साहेबाची हाय. घर ते हापिस, हापिस ते घर. बाकी कुटं गेलीच न्हाई."

बँकेतला साहेब! मी त्याचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

अनुपमानं मला घेऊन एक फेरी मारली. परत येऊन म्हणाली, "चालायला बरी हाय. पण वास कसला यायलाय आत?"

"नव्या कव्हराचा, ताई. चार दिवसांत जातोय."

"बॉनेट उघडून बगावं म्हणतो," शिवप्रकाश म्हणाला. "आमचा वळखीचा मिस्त्री बी येणार हाय, अर्ध्या घंट्यात."

"बगा की, बिलकुल बगा!" शेठ म्हणाला. "पर घटका चांगली हाय, आदी पूजा उरकून घ्या, मग निवांत बगा." आणि ताट आलंच. सांबप्पा काही म्हणायच्या आत त्यानं माझ्या बॉनेटवर विभूतीचे तीन आडवे पट्टे ओढले, वर हार टाकला, नारळ फोडला आणि कापूर लावला.

आता सांबप्पांच्या घरची रीत अशी, की नव्या वस्तूला विभूती लागली म्हणजे ती देवाची झाली. घरी नेऊन घरच्या बाईनं ओवाळेपर्यंत त्या पट्ट्यांना हात लावायचा नाही. नवी शिवणाची मशीन असो की बैलजोडी, त्यांच्या घरात हेच चालत आलेलं. शिवप्रकाशनं बॉनेटखाली बोटं घातली तसे सांबप्पा त्याचा हात धरून ओरडले, "आरं, इबूत लावलीय! डोकं ठिकाणावर हाय का?"

"अप्पा, नुसतं बगतो."

"मठातला माणूस हाय तो. देवाम्होरं नारळ फोडून खोटं बोलंल व्हय?"

उघड रे पोरा, उघड! मी जिवाच्या आकांतानं म्हणत होते, पण माझं कोण ऐकतो? शिवप्रकाशनं हात मागं घेतला. 'गाडी जशी आहे तशी घेतली' असं छापलेल्या कागदावर सह्या झाल्या आणि मिस्त्री यायच्या आधी आम्ही झरीच्या रस्त्याला लागलो.

झरीला सांबप्पांच्या बायकोनं, महादेवीबाईनं मला ओवाळलं. गल्लीतली पोरं माझ्या आरशात तोंडं वेडावून बघू लागली. खरं सांगते, ते दिवस फार चांगले गेले. अनुपमा गाडी अशी चालवायची की पोरींच्या हातातला डबा हलायचा नाही. वळणावर हॉर्न, गुरं दिसली की हळू, ट्रॅक्टर पुढं असला की मागं शांत. पोरी मागच्या सीटवर रसायनशास्त्राची सूत्रं पाठ करायच्या आणि मलाही ती पाठ झाली होती. सविता तर म्हणायची, "काकू, मी बी शिकणार गाडी." तिचे वडील व्यंकटराव शेतकरी माणूस. त्यांना हे फारसं पटत नव्हतं, पण पोरगी पहिल्या तासाला पोचतेय म्हणून ते गप्प होते.

मी मात्र गप्प बसले नव्हते हं. जमेल तशी सांगत होते. कुणी हात न लावता माझे वायपर फिरायचे. हॉर्न आपोआप वाजायचा. पुढच्या दिव्याच्या काचेत आतून घाम यायचा. लोक हसायचे. "गाडीला भूत लागलंय" म्हणायचे. डोंबलाचं भूत! तारांत गाळ होता तो. आणि जे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, ते सांगायला मला तोंडच ठेवलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. सकाळची वेळ, पुढं उसाची ट्रॉली चाललेली, समोरून बस येत होती. अनुपमानं ब्रेक दाबला आणि पोटाखालची एक कुजलेली नळी फट्‌कन फुटली. दुसरी आधीच रिकामी झाली होती. पायाखालचं पायडल सरळ तळाला गेलं. मी थांबले नाही. मित्रांनो, थांब म्हटलं आणि मी थांबले नाही! माझ्या जन्मात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

पण ती बाई! किंचाळली नाही, डोळे मिटले नाहीत. "डोकी खाली घाला गं!" एवढंच पोरींना ओरडली. खटाखट गिअर उतरवले, हँडब्रेक ओढला, आणि बस आणि ट्रॉलीच्या मधे जायच्या आत मला डावीकडं उतरवून तुरीच्या रानात घातलं. तुरीची झाडं आडवी करत मी काळ्या ढेकळांत जाऊन रुतले. शिवरंजनी आणि बबिताला काही झालं नाही. सविताच्या कपाळाला सीट लागली, टाके पडले.

रानातून मला बाहेर काढायला जे लोक जमले, त्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "बाईनं गाडी रानात घातली." ब्रेक लागला नाही, असं अनुपमा सांगत होती. ऐकतंय कोण! चहाच्या टपरीवर, पिठाच्या गिरणीवर, मठाच्या ओट्यावर तेच. संध्याकाळी व्यंकटराव आले. बसलेसुद्धा नाहीत. "सूनबाई, रागावू नका. पर बाईमाणसाच्या हातात मी आता लेकरू देणार न्हाई. सविता घरीच बसंल." बबिताच्या घरूनही तोच निरोप आला.

सगळे गेल्यावर अनुपमा माझ्याजवळ आली, स्टेअरिंगवर हात ठेवून बसली आणि रडली. "मी दाबला होता गं ब्रेक," माझ्याकडंच बघून म्हणाली, "दाबला होता." मला माहीत होतं! त्या वेळी तिच्याशिवाय सगळ्या झरीत ते मला एकटीलाच माहीत होतं, आणि मला सांगता येत नव्हतं. यापेक्षा मोठी शिक्षा कुठली असते, मला तरी ठाऊक नाही.

मला दुरुस्तीला शेठच्याच बाजारात ओढून नेलं. त्याच्या माणसानं फुटलेल्या नळीच्या जागी नवी बसवली, गळणाऱ्या जागेवर काहीतरी लिंपलं, वरून पुन्हा काळा रंग फासला. शेठ शिवप्रकाशला म्हणाला, "झाली गाडी एक नंबर. बायकांचं असंच असतंय, घाबरून लाथ मारल्यावानी ब्रेक मारत्यात, मग नळी फुटणारच." शिवप्रकाशचं तोंड उतरलं. त्यानं ती फुटकी नळी मात्र मागून घेतली आणि घरी आणली.

घरी अनुपमानं ती हातात घेतली आणि अंगठ्यानं दाबली, तर तिचा चुरा झाला. "लाथ मारून लोखंडाचं पीठ होतंय व्हय?" असं म्हणून ती तरातरा माझ्याकडं आली. तिनं माझा गालिचा कोपऱ्यातून उपसून काढला. सीटा काढायला लावल्या. डिकीतलं जादा चाक बाहेर काढलं. त्याच्या खालच्या खळग्यात वाळलेला लाल गाळ होता, आणि त्यात बारक्या शिंपल्या.

महादेवीबाई शेंगा निवडायचं सोडून उठून आल्या. त्यांनी चिमूटभर माती तळहातावर चोळली. "ही माती आपल्याकडची न्हाई गं. आपली काळी. अन् शिंपल्या कुटून आल्या गाडीत?"

"आत्याबाई, ही गाडी बुडालेली हाय," अनुपमा म्हणाली.

हुश्श! अखेर माझं कुणाला तरी ऐकू गेलं. शिवप्रकाशनं माझ्या नंबरावरून जुनी विमा कंपनी शोधून तिथं विचारलं, तर तिकडून साफ कळलं की ही गाडी पुरात गेलेली म्हणून निकालात काढलेली आहे. घ्यायच्या आधी एक फोन केला असता तर हेच उत्तर मिळालं असतं. तेवढा एक फोन तुम्ही करा, म्हणून मुद्दाम सांगते.

अनुपमा म्हणाली, ग्राहक आयोगात तक्रार करायची. सांबप्पा मात्र अस्वस्थ झाले. "एका पंगतीला बसतो आपण. मठातल्या माणसाला कोर्टात वढायचं?" ही कुणकुण शेठच्या कानावर गेली असावी. दुसऱ्याच दिवशी तो पेढ्याचा पुडा घेऊन हजर झाला. माझ्या शेजारीच खाटेवर बसला, म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"सांबप्पा, घरातलं घरात मिटवू. ही गाडी मी नेतो, हिच्यापेक्षा चांगली देतो. वर एक पैसा नको. फकस्त एवढं लिहून द्या, का त्या दिवशी बाईकडून चुकून गाडी रानात गेली, गाडीत खराबी नव्हती. माझ्या धंद्याचा सवाल हाय."

सांबप्पांनी सुनेकडं पाहिलं. मला वाटलं, आता झालं. चांगली गाडी मिळतेय, भांडण टळतंय, कोण नाही म्हणेल?

"नको," अनुपमा म्हणाली.

"ताई, नीट इचार करा. नवीकोरी वाटावी अशी गाडी देतो."

"गाडी तुमी बदलून द्याल, शेठ. माझं नाव कोण बदलून देणार? गावातल्या दोन पोरी घरी बसल्यात. मी लिहून दिलं, तर त्या जन्मभर घरी बसत्यात. अन् ही गाडी नेऊन तुमी कुणाच्या गळ्यात मारणार?"

"तुमी लय ताणायलाव, ताई."

"मी ताणायले? मग ताणतेच आता." आणि तिनं पेढ्याचा पुडा उचलून त्याच्या हातात परत दिला. वा गं वाघिणी! मला हॉर्न वाजवावासा वाटला, आणि काय सांगू, तो खरंच वाजला. आपोआप. शेठ दचकून उठला.

तक्रार अनुपमानं स्वतः लिहिली. वकील केला नाही. त्या आयोगात वकील असलाच पाहिजे असं नाही, हे तिला शिवरंजनीनं शोधून सांगितलं. आयोगानं माझी तपासणी करायला शुभदा मॅडम म्हणून एक अभियंता नेमल्या. त्या आल्या, जमिनीवर सतरंजी अंथरली आणि सरळ माझ्या पोटाखाली शिरल्या. काळा रंग खरवडला, नळ्या उघड्या केल्या, फोटो काढले. मग समोरची पट्टी उघडून तारा एकेक करून तपासत गेल्या आणि एका जागी थांबल्या. "ही तार तुटलेली नाही, कापलेली आहे," त्या म्हणाल्या. "ब्रेकच्या दिव्याची." इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुणी नीट विचारलं होतं, आणि मी भडाभडा सगळं सांगून टाकलं.

आयोगात मला काही नेलं नाही. तिथं काय झालं ते शिवरंजनीनं आजीला माझ्या दारात बसून सांगितलं, तेच तुम्हाला सांगते. शेठचा वकील म्हणाला, 'जशी आहे तशी' घेतल्याची सही आहे, बॉनेट उघडून बघायला कुणी अडवलं होतं? तेव्हा सांबप्पा उभे राहिले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"मी आडवलं व्हतं, साहेब. लेकाचा हात धरला मी. इबूत लावली व्हती म्हणून धरला. इबूत लागल्यावर मी हात लावू देणार न्हाई, हे शंभुराजला ठाऊक व्हतं. म्हणून तर तेनं घाईघाईनं लावली. देवावर भरवसा ठेवला ती माझी चूक न्हाई. देवाच्या आड लपलेल्या माणसावर ठेवला, ती झाली. सून माझी निर्दोष हाय. हे मी मठातबी सांगणार हाय."

शिवरंजनी सांगत होती, हे ऐकून तिच्या आईनं पदर तोंडाला लावला. घरात ज्यांचा शब्द खाली पडत नाही, ते सासरे सगळ्यांसमोर तिच्या बाजूनं उभे राहिले होते.

निकाल लागला. 'जशी आहे तशी' हे डोळ्यांना दिसतं त्याच्यापुरतं, मुद्दाम रंगाखाली झाकलेल्याला ते लागू होत नाही, असं आयोगानं म्हटलं. शेठनं सगळी रक्कम व्याजासकट परत द्यायची, झालेल्या मनस्तापाची भरपाई द्यायची, स्वतःच्या खर्चानं मला उचलून न्यायचं, आणि मला पुन्हा कुणालाही विकायचं नाही, भंगारातच काढायचं. ब्रेक गेल्यावर चालकानं केलं ते अगदी बरोबर केलं, असंही त्यात लिहिलं होतं.

मला वाटलं, आता तरी गाव मानेल. कसलं काय! व्यंकटराव पारावर म्हणाले, "कोर्टाचा कागद काय, कसाबी होतोय." सविता घरीच होती. निकाल अनुपमाच्या बाजूनं लागला होता, पण मागची सीट रिकामीच होती.

मग शेठ मला न्यायला आला. सोबत त्याचा ड्रायव्हर होता. गल्ली गोळा झाली, व्यंकटरावही येऊन उभे राहिले. माणसं बघून शेठला चेव चढला. "नियम म्हणून न्यायलोय मी गाडी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला. "न्हाईतर हिच्यात काय बी खराबी न्हाई. नवी नळी मीच बसवून दिलीय. चालवणाराच कच्चा असल्यावर गाडी काय करंल?"

अनुपमा घरातून किल्ली घेऊन आली. ड्रायव्हरनं हात पुढं केला, तर तिनं किल्ली शेठच्या हातात ठेवली. "तुमी चालवत न्या, शेठ. परभणी काय लांब न्हाई."

"मी? मी कशाला? हा हाय की."

"तुमीच म्हणलाव खराबी न्हाई. तुमी पक्के चालवणारे. बसा."

गल्लीतली बारकी पोरंसुद्धा पुढं सरकली. शेठनं इकडंतिकडं पाहिलं. हसल्यासारखं केलं. माझं दार उघडून एक पाय आत ठेवला आणि तो पायडलाला टेकला. त्या काळ्या रंगाखाली काय आहे, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्याच्या कपाळावर घाम आला. बस ना, मी म्हणत होते, बस रे, एकदा तरी बस! त्यानं पाय बाहेर काढून घेतला.

"क्रेन बोलीव रं," तो ड्रायव्हरला म्हणाला. मान खाली घालून.

कुणी हसलं नाही. व्यंकटराव गर्दीतून पुढं आले आणि शेठच्या अगदी समोर उभे राहिले. "तुमचा पाय तुमी काढून घेतलाव, शेठ. आमची सविता रोज बसत व्हती ह्याच्यात. तिला कोण सांगणार व्हतं पाय काढ म्हणून?" शेठ रस्त्याकडं बघत राहिला. मग व्यंकटराव अनुपमाकडं वळले. माफी मागायची त्या माणसाला सवय नव्हती, ते दिसतच होतं. टोपी काढून पुन्हा घातली. "दुसरी गाडी बगायला कधी जायाचं, सूनबाई? मीबी येतो. मिस्त्री संगं घिऊन जाऊ. सविताला तुमच्याच संगं धाडायचीय. बबिताच्या घरीबी मीच सांगतो."

"उद्याच जाऊ, दादा," अनुपमा म्हणाली.

क्रेन आली. माझी मागची चाकं उचलली गेली. सांबप्पांच्या घराकडं तोंड करून मी उलटी उलटी गल्लीतून निघाले. मला वाईट वाटलं का? वाटलं. त्या घरावर माझा जीव जडला होता. पण मी मान ताठ ठेवून गेले.

आता मी तोडायच्या यार्डात उभी आहे. अनुपमा दुसऱ्या गाडीतून तिघींना कॉलेजात नेते-आणते, हे मला इथं आलेल्या क्रेनवाल्याच्या बोलण्यातून कळलं. उद्या-परवा माझी पाळी येईल. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, जुन्या वस्तू विकत घ्याल, अवश्य घ्या. जुनं असणं हा गुन्हा नाही, झाकणं हा गुन्हा आहे. घेताना सगळं उघडून बघा, जाणत्याला दाखवा, आधी कुठं काय झालं ते विचारा. विचारल्यानं ज्याला राग येतो, त्याच्याकडून घेऊच नका. आणि एवढं करूनही कुणी फसवलं तर तोंड लपवू नका. दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ती तुमची तुम्हाला लिहिता येते. मला खुशाल चिरा, वितळवा, माझे खिळे करा, पण माझ्यात आता कुणाच्या लेकीला बसवू नका. आणि झरीच्या बाजूला कधी कुणी तुम्हाला म्हणालं, की त्या दिवशी बाईनं गाडी रानात घातली, तर त्याला माझं नाव घेऊन सांगा: हो, घातली. म्हणून तर तिन्ही पोरी आज कॉलेजात आहेत.